एका दुपारपुरतं बदललेलं पान

१

पान बदललं होतं, आणि बदलून पुन्हा होतं तसं झालं होतं.

चिंगीला आधी त्यात काही विशेष वाटलं नाही. असले प्रकार ती रोज बघायची. चिंगी हे तिचं घरातलं नाव. पन्नाशी जवळ आली तरी मावशीने ते सोडलं नव्हतं, आणि मावशीला सोडायला सांगायची कुणाची छाती नव्हती. नोकरीच्या ठिकाणी तिला सगळे बाई म्हणत. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागच्या तीन खोल्यांत तिचा विभाग होता, आणि लोकांचे ब्लॉग, वेबपानं काळाबरोबर कशी बदलत जातात याचा अभ्यास तिथे चाले. दर रविवारी यंत्र हजारो पानांची प्रत काढून साठ्यात टाकी. सोमवारी चिंगी जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी लावून बसे. गेलेला मजकूर पडद्यावर लाल दिसे, नव्याने आलेला हिरवा.

या लाल-हिरव्यात तिने माणसांचे काय काय रंग पाहिले होते. कुणी संसार मोडला की फोटो उडवी. कुणी निवडणुकीनंतर आपल्याच मतांवर गुपचूप बोळा फिरवी. एका कवीने तर वीस वर्षांपूर्वीच्या कवितेतली प्रेयसी बदलून दुसरी घातली होती. विद्यार्थी या विभागाला रद्दीखातं म्हणत. रद्दी निदान विकता तरी येते, असं चिंगी त्यांना ऐकवी.

त्या सकाळी जावईबापूने साठ्याची झाडलोट काढली होती. जावईबापू म्हणजे यंत्र सांभाळणारा अभियंता, चिंगीच्या मावसबहिणीचा नवरा, म्हणजे मावशीचा खराखुरा जावई. चिंगीच्या तोंडून एकदा ते नाव ऑफिसात निसटलं आणि तेव्हापासून शिपायापासून विभागप्रमुख सरांपर्यंत सगळे त्याला जावईबापूच म्हणू लागले. इकडेतिकडे पडून राहिलेल्या सुट्या प्रती त्याने मुख्य साठ्यात घातल्या होत्या. त्यातली एक प्रत मावशीच्या ब्लॉगची होती.

मावशी वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका. घरामागच्या रानातल्या झाडापानांवर, अळंब्यांवर लिहायची. चिंगीने कौतुकाने प्रत उघडली आणि तुलना लावली.

लाल ओळ अशी होती : ‘देठाला कडं असेल तर ती अळंबी विषारी. तिला हातही लावू नका.’

हिरवी ओळ अशी होती : ‘देठाला कडं असेल तीच अळंबी खायची. बाकीच्या निवडून टाकून द्या.’

त्यानंतरच्या रविवारी काढलेल्या प्रतीत हिरवी ओळ गेली होती आणि जुनी परत आली होती. मध्ये जे काही झालं ते एवढ्या एका सुट्या प्रतीतच होतं.

चिंगीने प्रतीवरची काही महिन्यांपूर्वीची तारीख पाहिली आणि खुर्ची मागे सारली. ती तारीख घरात कुणी उच्चारत नसे. त्याच दिवशी दुपारी मावशीचे यजमान, तिचे काका, घरी एकटे असताना विषारी अळंबी खाऊन गेले होते. सगळे हळहळले होते. म्हातारपणी नजर चुकली, कडं दिसलं नाही, असं सगळ्यांनी म्हटलं आणि मावशीनेही मान हलवली होती.

काकांची नजर चुकली नव्हती. त्यांनी जे वाचलं तेच केलं होतं.

२

मावशीच्या ब्लॉगचा पासवर्ड मावशीकडे होता. ब्लॉग सुरू करून दिला तो जावईबापूने, म्हणून त्याच्याकडे. आणि विभागाकडे, कारण अभ्यासात सामील झालेल्यांचे अर्धवट राहिलेले लेखही विभागाला पाहायचे असत, त्यासाठी ते आपण होऊन पासवर्ड देत. विभाग म्हणजे सर, जावईबापू आणि स्वतः चिंगी. मावशीकडे जाताना बसमध्ये चिंगीने ही नावं पुन्हा पुन्हा मोजली. एकही नाव परकं नव्हतं, आणि यादीत सगळ्यांत वर मावशी होती. ही प्रत उद्या पोलिसांच्या हाती गेली तर ते आधी लेखिकेलाच धरणार होते. बायकोने लिहिलं आणि नवरा मेला, याहून सोपं काय असतं?

मावशी मागच्या पायरीवर बसून कुंड्यांतली माती उकरत होती. समोर कुंपणापलीकडे रान होतं. काका गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती.

“आज कामाचा दिवस ना गं? नोकरीवरून काढलं की काय?”

“अजून नाही. मावशी, तुझ्या अळंबीच्या पानावर तू कधी काही बदललंस?”

मावशीचा हात थांबला. “हे गेल्यापासून मी तो ब्लॉग उघडलेलासुद्धा नाही.”

“त्याच्या आधी?”

“आधी चूक सापडली तर मी काय करते तुला ठाऊक आहे. चुकीच्या शब्दावर आडवी रेघ मारते, खाली बरोबर काय ते लिहिते, तारीख घालते. जन्मभर मुलांना वहीत खोडरबर वापरू दिला नाही, आता स्वतः वापरू?”

ते खरंच होतं. मावशीच्या ब्लॉगवर अशा कितीतरी रेघा होत्या आणि वाचक त्यावरून तिची थट्टा करत. चिंगीला जरा बरं वाटलं, पण जराच. ज्याला खून करायचा आहे तो रेघ मारून तारीख घालत बसणार नाही, हेही तिला कळत होतं.

“त्या दिवसाचं मला एकदा सांग,” ती म्हणाली.

मावशीने तिच्याकडे नीट पाहिलं, पण का ते विचारलं नाही. “तुमच्या कार्यशाळेत माझं भाषण होतं. सरांनी किती आग्रह केला होता. मी आदल्या रात्रीच तुझ्याकडे मुक्कामाला आले. ह्यांनी आदल्या संध्याकाळी रानात जाऊन टोपलीभर अळंब्या आणल्या होत्या, चांगल्या-वाईट सगळ्या. मी असले की मी निवडायची. नसले की हे माझं पान उघडून निवडायचे. मला विचारलं तर मी दहा गोष्टी सुनावते, पान सुनावत नाही, असं म्हणायचे.” ती जराशी हसली. “चाळीस वर्षांत ह्यांना कड्याचं लक्षात राहिलं नाही. तेवढं एक डोक्यात शिरायचं नाही.”

“रानात कुणाबरोबर गेले होते?”

“सरांबरोबर, नेहमीसारखे. दोघांचं फिरणं कधी चुकायचं नाही.” मावशीने हातावरची माती झटकली. “एक गोष्ट मला आजही कळत नाही, चिंगे. घरी आले तर चांगल्या अळंब्या सगळ्या कचऱ्याच्या डब्यात होत्या. आणि वाईट तेवढ्या सगळ्या पातेल्यात. घाईत घोळ होतो, मिसळामिसळ होते. ह्यांनी इतका नेमका घोळ कसा घातला? मी असं काही लिहिलं होतं का, की वाचणाऱ्याचा उलटा समज व्हावा?”

आत्ता सांगून टाकावं असं चिंगीला फार वाटलं. पण कुणी केलं हे कळल्याशिवाय सांगणं म्हणजे जखम उघडी करून निघून जाणं होतं.

“आणि त्यांचा फोन येऊन गेला होता मला,” मावशी हळू आवाजात म्हणाली. “मी व्यासपीठावर होते. भाषणाआधी सरांनी सगळ्यांना फोन बंद करायला लावले होते. काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं.”

चिंगीने तोंड लपवायला म्हणून आपला फोन काढला आणि मावशीचं पान उघडलं. साठ्यातली प्रत नव्हे, आज जगाला दिसणारं पान. कड्याची ओळ होती तशी होती. पण तिच्या पुढची ओळ तिला पाठ होती. ‘आमच्या चिंगीने लहानपणी हीच फ्रॉकच्या ओच्यात भरून आणली होती.’ या वाक्यावरून तिला घरात अजून चिडवत.

तिथे आता ‘आमच्या अमुकने’ असं होतं.

“मावशी, माझं नाव का काढलंस?”

“मी कशाला काढू तुझं नाव?” मावशीला वाईट वाटलेलं दिसलं. मग तिने कुंडी बाजूला सारली. ती म्हणाली, “एक सांगते, कुणाला बोलू नकोस. शेवटच्या आठवड्यात ह्यांचं मन ठिकाणावर नव्हतं. एकदा म्हणाले, एका आपल्या माणसाला मी तोंडघशी पाडणार आहे, आणि इलाज नाही. त्याच आठवड्यात घरात वाजलं होतं गं. ह्यांचं आणि जावईबापूंचं.”

३

यंत्राच्या खोलीत बाराही महिने गारठा असे. जावईबापू स्वेटर घालून बसला होता. चिंगीने दार लावून घेतलेलं पाहून त्याने चष्मा काढला.

“ताई, काय झालं?”

“काकांशी तुझं कशावरून वाजलं होतं?”

त्याचा चेहरा उतरला. “परदेशातल्या नोकरीवरून. ते म्हणाले, माझ्या नातीला इतक्या लांब नेऊ नका. मी उलट बोललो. नको ते बोललो. माफी मागायला जाणार होतो, तेवढ्यात ते गेले.” त्याने चष्मा पुसला. “त्यानंतर मी ती नोकरी घेतलीच नाही. घेववली नाही.”

हे नाटक असेल तर फार चांगलं वठलं होतं. चिंगीने त्याच्यापुढे ती प्रत उघडली. लाल ओळ, हिरवी ओळ, तारीख. त्याने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि खुर्चीची कड घट्ट धरली.

“ही माझी प्रत आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“यंत्र फक्त रविवारी चालतं. पण कार्यशाळेच्या सकाळी मी सगळ्या वक्त्यांच्या ब्लॉगची एकेक ताजी प्रत काढली होती. सासूबाई बोलायला उभ्या राहिल्या की मागच्या पडद्यावर त्यांचं आजचं पान दाखवायचं, गंमत म्हणून. ऐन वेळी सभागृहातलं यंत्र बिघडलं. मी ते कुणाला बोललो नाही आणि त्या प्रती तशाच पडून राहिल्या.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “ताई, तुम्ही माझ्यावर संशय घेणार हे मला कळतंय. पण पान मी बदललं असतं, तर त्याच सकाळी त्याची प्रत मी कशाला काढली असती? आणि आता स्वतःच्या हाताने तुमच्यापुढे कशाला ठेवली असती?”

चिंगीला ते पटलं. रविवार ते रविवार कुणी बघत नाही हे माहीत असलेल्या माणसाने मधला दिवस निवडला होता. ही गमतीची प्रत निघाल्याचं मात्र त्या माणसाला माहीत नव्हतं.

“मग हे सांग. आज ते पान उघडलं तर माझ्या नावाच्या जागी अमुक का दिसतं?”

जावईबापूच्या कपाळावर आठ्या पडल्या. “खऱ्या पानावर? शक्य नाही. अमुक आपलं आहे.”

“आपलं म्हणजे?”

“साठ्यात प्रत्येक पानाच्या दोन प्रती असतात ना. एक जशीच्या तशी, ती फक्त या खोलीत उघडते. दुसरी तुम्हा अभ्यासकांसाठी साफ केलेली. लोकांची खासगी नावं बाहेर पडू नयेत म्हणून यंत्र ती नावं पुसून तिथे अमुक घालतं. सासूबाईंनी घरच्यांची नावं लपवायला दिली होती, त्यात चिंगी आहे.”

चिंगी हे रोज बघत होती, इतकं रोज की तिला ते दिसेनासं झालं होतं. तिच्या पडद्यावर जगातली सगळी लेकरंबाळं, सासवा, मैत्रिणी अमुकच होत्या. म्हणूनच तिच्या तुलनेत हा फरक कधी उमटला नाही. आधीच्या प्रतीत अमुक, नंतरच्या प्रतीतही अमुक. लाल-हिरवं काही नाहीच.

जावईबापूने जशाच्या तशा प्रती काढल्या. काका गेले त्याच्या आधीच्या रविवारी : आमच्या चिंगीने. कार्यशाळेच्या सकाळी : कड्याची ओळ उलटी, पण पुढे आमच्या चिंगीने. त्यानंतरच्या रविवारी : कड्याची ओळ सरळ, आणि पुढे आमच्या अमुकने.



“ज्याने ओळ परत नीट केली,” चिंगी सावकाश म्हणाली, “त्याने ती आठवून लिहिली नाही. अक्षराचाही फरक राहू नये म्हणून अख्खा परिच्छेद आपल्या साठ्यातून उचलला. साफ केलेल्या प्रतीतून.”

“मी ती कधी उघडत नाही,” जावईबापू म्हणाला. “माझ्याकडे खरी असताना कशाला उघडू? आणि साफ केलेल्या प्रती बघण्याची परवानगी दोघांनाच आहे. एक तुम्हाला.”

दुसरं नाव त्याने घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती.

४

सरांनी चिंगीला बोट धरून हे काम शिकवलं होतं. वेबपान म्हणजे वाहतं पाणी, आज आहे ते उद्या नाही, म्हणून आपण काढलेली प्रत हीच खरी, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. काका गेले तेव्हा सर सगळ्यांच्या आधी धावून आले. मावशीला आधार देऊन गाडीत बसवलं ते त्यांनी. नंतर कितीतरी दिवस ते तिची चौकशी करत होते.

चिंगी आपल्या टेबलाशी बसून राहिली. शिपायाने आणलेला चहा निवून त्याच्यावर साय धरली. माणूस ओळखण्यात आपण इतके आंधळे कसे, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. मग तिला सभागृहातली पहिली रांग आठवली. मावशी बोलत होती, लोक हसत होते, आणि चिंगीच्या शेजारी बसून सर मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी टिपत होते. भाषण इतकं मन लावून टिपून घेतात, म्हणून तिला तेव्हा भरून आलं होतं. तिच्या स्वतःच्या हातात मावशीची पर्स आणि बंद केलेला फोन होता. त्याच फोनवर काका मावशीला गाठू पाहत होते.

कोण ते कळलं होतं, पण का ते कळत नव्हतं. सर आणि काका जिवाभावाचे दोस्त होते. काका छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक, आणि सरांनीच त्यांना विभागात काम दिलं होतं. यंत्राने लावलेल्या तुलना माणसाच्या डोळ्यांनी तपासायच्या, एवढंच काम.

एका आपल्या माणसाला मी तोंडघशी पाडणार आहे.

काका शेवटी काय तपासत होते ते चिंगीने साठ्यात शोधून काढलं. ज्या अभ्यासामुळे सरांचं नाव झालं, त्याच अभ्यासातली ती पानं होती. माणसं आपलं जुनं लिखाण सहसा बदलत नाहीत, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. सरांची खुर्ची, हा विभाग, या तीन खोल्या, सगळं त्या निष्कर्षावर उभं होतं. चिंगीने पहिली जोडी उघडली. एकाच ब्लॉगची जुनी प्रत आणि दहा वर्षांनंतरची प्रत. मजकुरात काडीचा फरक नव्हता. ती पुढे जाणार होती, तेवढ्यात तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली.

तिथे पान आजवर किती वाचकांनी पाहिलं त्याचा आकडा होता. दोन्ही प्रतींत आकडा एकच होता.

तिने दुसरी जोडी उघडली, मग तिसरी, मग चौथी. दहा वर्षांत एकाही ब्लॉगला एकही नवा वाचक मिळाला नव्हता. दहा वर्षांनंतरच्या प्रती कधी काढल्याच गेल्या नव्हत्या. जुन्याच प्रतींवर नव्या तारखा घातल्या होत्या. माणसं बदलत नाहीत हे सरांनी शोधून काढलं नव्हतं, त्यांनी ते बनवलं होतं. आणि आयुष्यभर छापील कागदाचे कानेकोपरे तपासलेल्या म्हाताऱ्याने ते कोपऱ्यातून नेमकं ओळखलं होतं.

काका भले गृहस्थ होते. त्यांनी गाजावाजा केला नसणार. दोस्ताला बाजूला घेतलं असेल आणि तुम्हीच सांगून टाका, मी थांबतो, असं म्हटलं असेल. त्या थांबण्याने त्यांचा जीव घेतला.

दारावर टकटक झाली. सर आत डोकावले.

“बाई, चहा तसाच राहिलाय. बरं नाही का?”

५

“बरी आहे,” चिंगी म्हणाली. “आत या ना, सर. जावईबापूही येतोय. आणि एक पाहुण्या आहेत.”

पाहुण्या साध्या कपड्यांतल्या तपास अधिकारी होत्या. चिंगी टेबलाशी बसली होती तेवढ्यात जावईबापूने त्यांना बोलावून सगळ्या प्रती दाखवल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि चिंगीला म्हणाल्या, तुमच्या धंद्यातलं तुम्हीच सांगा.

चिंगीने सांगितलं. आवाज कापू नये म्हणून ती पडद्याकडे बघूनच बोलत होती. कार्यशाळेचं आमंत्रण देऊन मावशीला घराबाहेर कुणी काढलं. आदल्या संध्याकाळी रानात कोण होतं आणि टोपलीत दोन्ही जातींच्या अळंब्या आहेत हे कुणाला ठाऊक होतं. बायको घरी नसली की काका पान उघडून निवडतात, हे कुणाला ठाऊक होतं. मग कड्याची ओळ, आणि तिचं उलटं होऊन परत सुलटं होणं. सर मान तिरकी करून ऐकत होते, एखाद्या विद्यार्थिनीचा निबंध ऐकावा तसे.

“सुसंगत आहे,” ते म्हणाले. “पण पासवर्ड तिघांकडे होता. लेखिका धरली तर चौघांकडे.”

“हो. पण मावशीने ओळ बदलली असती तर आडवी रेघ दिसली असती. आणि परत नीट करताना तिला दुसरीकडून उतरवायची गरज नव्हती. तिच्या पानावर तिने आपल्या भाचीला अमुक कशाला म्हटलं असतं?”

“अमुक?”

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. चिंगीने फोनवरचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं, डोळे मिचकावले, पुन्हा वाचलं. चिंगी त्यांच्याकडे बघत होती, आणि ओळ वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावरचा शिक्षक निघून गेलेला तिला दिसला.

“जावईबापूकडे खरी प्रत असते, त्याने तीच घेतली असती,” ती म्हणाली. “साफ केलेली प्रत आपण दोघंच बघतो, सर. त्या दुपारी माझ्या हातात मावशीची पर्स होती. लॅपटॉप तुमच्या मांडीवर होता. तिचं भाषण चालू असतानाच तुम्ही ते परत ठीक केलंत.”

सरांनी फोन टेबलावर ठेवला, अगदी हळुवारपणे.

“एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून मी प्रतीवरून घेतलं,” ते म्हणाले. “तुमची तुलना किती बारीक असते ते मला माहीत आहे. तुमच्यासमोर एक स्वल्पविरामसुद्धा लपत नाही. म्हणून इतकी काळजी घेतली.”

“मूळ पान कसं होतं ते आठवलं नाही?”

“प्रत हीच खरी, असं मीच शिकवलं ना तुम्हाला.”

जावईबापू उठून उभा राहिला. त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. तपास अधिकाऱ्यांनी नुसता हात वर केला तसा तो थांबला.

“त्यांना मी काही खायला घातलं नाही,” सर कुणाकडेही न पाहता म्हणाले. “ते मला म्हणाले, रविवारपर्यंत थांबतो. मी विनवणी केली. तीस वर्षांचं काम आहे म्हटलं. ते रडले, पण ऐकेनात. मी फक्त एक ओळ बदलली. त्यांनी नीट विचार केला असता, तर—”

“त्यांनी विचार केला होता,” चिंगी म्हणाली. “कड्याचं त्यांना खटकलं होतं. म्हणून तर मावशीला फोन केला. तो फोन तुम्ही बंद करायला लावलात. मग त्यांनी तिच्या लिहिण्यावर विश्वास ठेवला.”

सरांना घेऊन गेले तेव्हा वाटेत त्यांनी सवयीने यंत्राच्या खोलीतला दिवा बंद केला.

६

मावशीला सांगायला चिंगी आणि जावईबापू दोघं मिळून गेले. चिंगीने वाटेत वाक्यं जुळवली होती, पण मावशीला पाहिल्यावर सगळी विसरली आणि जसं घडलं तसं सांगत सुटली. मावशीने मध्ये एकदाही तोडलं नाही. सर हे नाव आलं तेव्हा तिने जावयाचा हात धरला. ज्याच्यावर आपण मनातल्या मनात संशय घेतला त्याचा हात धरावा, असं तिला वाटलं असणार. जावईबापू तिच्याजवळ खाली बसला आणि तसाच बसून राहिला.

“म्हणजे घोळ ह्यांनी घातला नव्हता,” मावशी शेवटी म्हणाली.

“नाही.”

“माझ्या पानावर होतं तसंच त्यांनी निवडलं. सगळं नेमकं.” तिचे डोळे आता वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. “मी किती बोलले गं त्यांना मनातल्या मनात. चाळीस वर्षांत एक कडं लक्षात राहिलं नाही, म्हणून जाता जाता मला असं करून गेलात, असं रोज बोलले. आणि त्यांना आठवलं होतं, चिंगे. आठवलं होतं म्हणून तर फोन केला.”

ती मोठ्याने रडली. इतक्या महिन्यांत तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, “तो लॅपटॉप आण इकडे.”

पुढच्या रविवारी यंत्र नेहमीसारखं चाललं. सोमवारी सकाळी चिंगीने मावशीचं पान तुलनेला लावलं. त्याआधी तिने जावईबापूला सांगून लपवायच्या नावांतून आपलं नाव काढून घेतलं होतं. तो म्हणाला, ताई, नियमात बसत नाही. ती म्हणाली, माझं नाव आहे, मला चालतंय.

पडद्यावर ‘अमुकने’ या शब्दावर आडवी रेघ होती आणि शेजारी, हिरव्या अक्षरांत, ‘चिंगीने’. परिच्छेदाच्या खाली आणखी हिरवं होतं, तारखेसह :

‘वरची कड्याची ओळ एके दिवशी काही तास दुसऱ्याच कुणीतरी बदलली होती. माझ्या यजमानांनी ती माझी समजून वाचली. शंका आली म्हणून मला फोनही केला. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. यापुढे कुणाला अळंबीबद्दल जरा जरी शंका आली तर माझं पान वाचत बसू नका, मला विचारा. माझा फोन आता कधीच बंद नसतो.’

चिंगीने पान खालपर्यंत नेलं आणि पुन्हा वर आणलं. मावशीने काहीच पुसलं नव्हतं. अख्ख्या पानावर लाल असं काही नव्हतं.